गावोगावच्या शाळा कुणी मोजल्या?

शिक्षणाचा इतिहास म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना एक ठरलेला क्रम पाठ असतो. मेकॉले आला, १८३५ साली इंग्रजी आलं. १८५४ साली वुडचा खलिता आला, १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला विद्यापीठं निघाली. परीक्षेला हे पुरतं. पण या क्रमात एक मोठी रिकामी जागा आहे. हे सगळं यायच्या आधी गावात काय होतं? मुलं शिकत होती की नव्हती? शिकत असतील तर कोण, कुणाकडे, काय?

आज आपण या प्रश्नाकडे एका संवादाच्या वाटेनं जाऊ. कारण याचं उत्तर कुणा एकाच्या ग्रंथात नाही. ते शंभर-दीडशे वर्षं चाललेल्या प्रश्नोत्तरांत विखुरलेलं आहे, आणि बोलणारी मंडळी एकमेकांशी अजिबात सहमत नाहीत.

सुरुवात लंडनपासून करू. २० ऑक्टोबर १९३१. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला आले होते. चॅटम हाऊस या संस्थेत त्यांचं भाषण झालं. तिथे ते म्हणाले, पन्नास-शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थान जेवढा निरक्षर होता त्याहून आज जास्त निरक्षर आहे. त्यांनी एक दृष्टान्तही दिला. इंग्रज अधिकारी आले, त्यांनी मुळं पाहायला म्हणून माती उकरली, ती पुन्हा झाकली नाही, आणि ते सुंदर झाड वाळून गेलं.

श्रोत्यांमध्ये सर फिलिप हार्टॉग बसले होते. हा माणूस साधा नव्हता. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. सायमन कमिशनसाठी शिक्षणाचा अहवाल १९२९ साली ज्या समितीनं दिला तिचे अध्यक्ष. पहिलीत नाव घातलेली मुलं चौथीपर्यंत पोचतच नाहीत, मध्येच गळतात किंवा एकाच इयत्तेत अडकून पडतात, हे त्या अहवालानं ठळकपणे मांडलं होतं. त्यांनी गांधीजींना सरळ विचारलं, तुमच्या विधानाला पुरावा काय?

आता इथे थोडं थांबू. सभेत असा प्रश्न आला की वक्ते बहुधा हसून वेळ मारून नेतात. गांधीजींनी तसं केलं नाही. त्यांनी 'यंग इंडिया'तल्या जुन्या लेखांचा हवाला दिला. हार्टॉगना तो पुरेसा वाटला नाही. पत्रव्यवहार सुरू झाला. जानेवारी १९३२मध्ये गांधीजींना अटक झाली, आणि पुढचं पत्र गेलं ते आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगातून, फेब्रुवारी महिन्यात. तुरुंगात बसून संशोधन कसं करणार? म्हणून त्यांनी मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांच्यावर काम सोपवलं. शाहांनी हार्टॉगना लांबलचक पत्र लिहिलं. विधान चुकीचं निघालं तर मी ते जाहीरपणे मागे घेईन, असा शब्द गांधीजींनी दिला होता. हार्टॉगनी तो लक्षात ठेवला. १९३५-३६मध्ये लंडनला त्यांनी या विषयावर व्याख्यानं दिली, १९३९ साली त्यांचं पुस्तक झालं, आणि त्यांनी गांधीजींना शब्दाची आठवण करून दिली. ऑगस्ट १९३९मध्ये सेगावहून, म्हणजे आजच्या सेवाग्रामहून, उत्तर गेलं. त्याचा आशय असा की मी हा विषय सोडलेला नाही; जाणकारांना विचारतो आहे; ते मला दुजोरा देतात, पण पुरावा म्हणून चालेल असं काही देत नाहीत; आणि तरी माझं मन जुन्या विधानालाच चिकटून आहे.

आम्हाला हे उत्तर फार प्रामाणिक वाटतं. पुरावा नाही हे ते कबूल करतात, आणि मत बदललेलं नाही हेही.

मग पुरावा होता तरी कुठे? गंमत अशी की तो इंग्रजांच्याच दप्तरात होता.

१८२२ साली मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो यानं सगळ्या कलेक्टरांना कळवलं की आपापल्या जिल्ह्यातल्या शाळा मोजा. किती शाळा, किती मुलं, कोणत्या जातीची, काय शिकतात. उत्तरं यायला तीन-चार वर्षं गेली. मार्च १८२६मध्ये मन्रोनं बेरीज मांडली. शाळा १२,४९८. विद्यार्थी १,८८,६५०. लोकसंख्या १,२८,५०,९४१. म्हणजे साधारण हजार माणसांमागे एक शाळा, आणि ६७ माणसांमागे एक विद्यार्थी.

पण मन्रो तिथे थांबला नाही. त्यानं हिशेब केला की पाच ते दहा वर्षांचे मुलगे सुमारे ७,१३,००० असतील. शाळेत आहेत १,८४,११०. म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त. शिवाय घरी शिकणारे आहेतच. मद्रास शहरात घरी शिकणारी मुलं सुमारे २६ हजार दाखवली होती, शाळेत जाणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट. हा आकडा मन्रोला स्वतःलाच पटला नाही. तरीही सगळं धरून त्यानं म्हटलं की तिसरा हिस्सा मुलगे काहीतरी शिक्षण घेत असावेत. आणि ही स्थिती आपल्या देशापेक्षा, म्हणजे इंग्लंडपेक्षा, कमी असली तरी युरोपातल्या बऱ्याच देशांच्या थोड्या काळापूर्वीच्या स्थितीहून बरी आहे, अशीही पुस्ती जोडली.

आणि मुली? संपूर्ण मद्रास इलाख्यात ४,५४०. त्यातल्या १,१२२ एकट्या मलबारातल्या मुसलमान मुली. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्ही दोनदा पडताळून पाहिला. आपल्या डोक्यात जे साचे असतात ते असे एका रकान्यानं मोडतात.

याच पाहणीत बेल्लारीच्या कलेक्टरचं, कॅम्पबेलचं, १८२३ सालचं पत्र आहे. त्याच्या जिल्ह्यात ५३३ शाळा आणि ६,६४१ मुलं. त्यानं शाळेचं वर्णनही केलंय. वर चढलेली मुलं खालच्यांना शिकवतात, लहान मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवतात, खर्च जवळजवळ काही नाही. मद्रासला हीच पद्धत पाहून अँड्र्यू बेल या पाद्र्यानं ती इंग्लंडला नेली होती, गोरगरिबांच्या शाळांसाठी. 'मद्रास पद्धत' या नावानंच ती तिकडे ओळखली गेली. पुढे कॅम्पबेल लिहितो की या शाळा घटताहेत, कारण लोक दरिद्री होताहेत. विलायती कापडानं विणकरांचा धंदा बसला, पैसा देशाबाहेर चालला, आणि पूर्वी राज्यं विद्येला जो आधार देत ती रक्कम आता मिळत नाही. सरकारी नोकरानं सरकारला हे लिहिलंय, हे लक्षात घ्या. पण त्याच पत्रात तो असंही म्हणतो की मुलं जुनी काव्यं अर्थ न कळता घोकतात आणि पाठांतरापलीकडे फारसं काही पदरात पडत नाही.

म्हणजे एकच पत्र. झाड सुंदर होतं असं म्हणणाऱ्यांना त्यात पुरावा मिळतो, आणि झाड पोकळ होतं असं म्हणणाऱ्यांनाही. वाद होणार नाही तर काय?

आता बंगालकडे वळू. विल्यम अॅडम यानं १८३५ ते १८३८ या काळात तीन अहवाल दिले. पहिल्या अहवालात त्यानं लिहिलं की बंगाल-बिहारमध्ये एक लाख गावशाळा असाव्यात. हा आकडा जगभर गाजला. हार्टॉगनी नेमका तोच पकडला. ही दंतकथा आहे, म्हणाले, कारण अॅडमनं पुढे प्रत्यक्ष मोजदाद केली तेव्हा शाळा फारच कमी निघाल्या. आणि हे खरं आहे. राजशाही जिल्ह्यातल्या नाटोर ठाण्यात अॅडम गावोगाव फिरला. लोकसंख्या १,९५,२९६, गावं ४८५, प्राथमिक शाळा फक्त २७, मुलं २६२. संपला वाद?

नाही संपला. कारण त्याच अहवालात पुढची नोंद आहे. त्याच ठाण्यात १,५८८ कुटुंबं आपल्या मुलांना घरीच शिकवत होती, आणि अशी मुलं होती २,३८२. शाळेत जाणाऱ्यांच्या नऊपट!

इथे आपल्या मराठी अभ्यासकांचा आवाज या संवादात येतो. मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ आर. व्ही. परुळेकर यांनी हार्टॉगच्या मांडणीला आकड्यांनीच उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. 'शाळा' म्हणजे काय ते आधी ठरवा. फळा, बाक, हजेरीपट आणि पगारी मास्तर असलेलं घर हीच शाळा, असं धरलं तर २७. पण जिथे मुलाला अक्षरओळख नि हिशेब शिकवला जातो ती जागा म्हणजे शाळा, मग ती कुणाची ओसरी का असेना, असं धरलं तर चित्र पार बदलतं. परुळेकरांनी मुंबई इलाख्यातली १८२०च्या दशकातली कागदपत्रंही शोधून संपादित केली. पुढे जे. पी. नाईक यांनी सय्यद नुरुल्लांबरोबर लिहिलेल्या इतिहासात हा सगळा वाद नीट मांडून ठेवला. कोल्हापूरकडचे हे नाईक म्हणजे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. धोरण ठरवणारा माणूस इतिहासाच्या जुन्या बाडात इतका का शिरला असेल, असा प्रश्न आपल्याला पडायला हवा. शाळा ही फक्त सरकार काढतं की समाजही चालवू शकतो, हा त्यांच्यासाठी चालू काळातलाच प्रश्न होता.

मुंबई इलाख्यातली आकडेवारी काय सांगते? १८२९च्या सुमारास शाळा १,७०५, विद्यार्थी ३५,१४३, लोकसंख्या ४६,८१,७३५. म्हणजे १३३ माणसांमागे एक विद्यार्थी, मद्रासच्या निम्मं प्रमाण. पण १८२१ साली याच मुंबई सरकारच्या कौन्सिलातला एक सदस्य, प्रेंडरगास्ट, लिहून गेला होता की आपल्या मुलखात लहानमोठं असं क्वचितच एखादं गाव असेल जिथे एक तरी शाळा नाही. दोन्ही कागद एकाच सरकारचे. आठ वर्षांचं अंतर. कोणता खरा मानायचा?

आपण दोन्ही थोडे थोडे खरे मानू, पण कारण समजून घेऊन. आपल्याकडची शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. देवळाची ओवरी, कुणाचा पडवीचा कोपरा, धर्मशाळा. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची. मोडी वाचायची, लिहायची. आणि पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. आज आपण औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे मुलांना समजावून सांगावं लागेल. पण बाजारात, सावकाराच्या चोपडीत, कुळकर्ण्याच्या दप्तरात हेच चालायचं. पंतोजींना पगार नव्हता. पसाभर धान्य, सणावाराला काही नाणी, लग्नमुंजीत मान. सुगी चांगली झाली तर शाळा चालली. दुष्काळ पडला, पंतोजी गाव सोडून गेले, तर शाळा बंद. अशी शाळा एका वर्षी मोजली तर असते आणि पुढच्या वर्षी मोजली तर नसते. तिला इमारत नाही, म्हणून ती मागे खूणही ठेवत नाही.

१९८३ साली धर्मपाल या अभ्यासकांनी गांधीजींच्या दृष्टान्तावरूनच नाव घेतलेलं पुस्तक छापलं, 'द ब्यूटिफुल ट्री'. मन्रोच्या पाहणीतले मूळ कागद त्यांनी जसेच्या तसे लोकांपुढे ठेवले. जे गांधीजींना तुरुंगातून शोधता आलं नाही ते पन्नास वर्षांनी बाहेर आलं. त्यातला सगळ्यात धक्कादायक भाग जातींच्या रकान्यांचा होता. शिक्षण म्हणजे फक्त ब्राह्मणांचं, असं आपण धरून चालतो. पण तमिळ जिल्ह्यांत शाळेतल्या मुलांत शूद्र आणि त्याखालच्या म्हणून नोंदलेल्या जातींचं प्रमाण सेलमसारख्या जिल्ह्यात ७० टक्के, तर दक्षिण अर्काटात ८४ टक्क्यांवर होतं. तेलुगू भागात मात्र ते बरंच खाली येत होतं.

हे वाचून कुणालाही बरं वाटेल. आम्हालाही वाटलं. पण इथेच सावध व्हायला हवं, कारण या संवादात एक माणूस अजून बोललेला नाही.

१९ ऑक्टोबर १८८२. पुणे. लॉर्ड रिपनच्या सरकारनं नेमलेलं शिक्षण कमिशन, विल्यम हंटर त्याचे अध्यक्ष, देशभर साक्षी घेत होतं. जोतीराव फुल्यांनी त्यांच्यापुढे निवेदन ठेवलं. ते कागदी अभ्यासक नव्हते. लहानपणी ते स्वतः पंतोजींच्या शाळेत गेले होते, आणि माळ्याच्या पोरानं शिकून काय करायचं या बोलण्यामुळे त्यांना ती सोडावी लागली होती. पुढे १८४१मध्ये ते मिशनच्या शाळेत गेले. १८४८पासून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी, मग महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या.

निवेदनात फुले म्हणतात की या इलाख्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ गावांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही. प्रेंडरगास्टचं वाक्य आठवा: क्वचितच एखादं गाव शाळेवाचून. त्याला तेव्हा साठ वर्षं झाली होती.

मग गांधीजींचं म्हणणं खरं ठरलं का? घाई नको. प्रेंडरगास्ट ओसरीवरची शाळा मोजत होता, फुले सरकारी सोय मोजत होते. आणि फुल्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, हे कसं? वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपते, हा सिद्धान्त त्यांनी अनुभवाच्या जोरावर खोडून काढला. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, म्हणाले. मास्तर शिकवायला तयार केलेला असावा आणि त्याला महिना किमान बारा रुपये मिळावेत. मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचं ज्ञान, आरोग्य आणि नीती शिकवा. आणि जिथे जातीच्या विटाळापायी महार-मांगांच्या मुलांना शाळेत बसू देत नाहीत, तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा.

त्याच वर्षी, त्याच कमिशनपुढे, चोवीस वर्षांच्या पंडिता रमाबाईंनी मराठीतून साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका आणि स्त्री तपासनीस हव्यात, बायकांना वैद्यकीचं शिक्षण हवं, ही त्यांची मागणी. शिकलेले पुरुषच बायकांच्या शिक्षणाच्या आड येतात, हे त्यांनी कमिशनला तोंडावर सांगितलं.

आता हे दोन आवाज मन्रोच्या तक्त्याशेजारी ठेवा. १,८४,११० मुलगे आणि ४,५४० मुली. रमाबाई त्या तक्त्यावर बोट ठेवून विचारतील, उरलेल्या कुठे आहेत? आणि जातीच्या रकान्यांवर फुले विचारतील, 'शूद्र' या एका शब्दाखाली तुम्ही किती जाती कोंबल्या? जमीनवाला शेतकरी आणि गावाबाहेर राहणारा महार यांना त्या ओसरीचं अंतर सारखंच होतं का?

म्हणून गांधी की हार्टॉग, असा कौल आपल्याला देता येत नाही, आणि द्यायचाही नाही. १९३१च्या खानेसुमारीत देशातली साक्षरता दहा टक्क्यांच्या आतच होती. दीडशे वर्षांच्या राज्याचं हे प्रगतिपुस्तक आहे, आणि त्याचा बचाव हार्टॉगनाही नीट करता आला नाही. जुनी व्यवस्था मोडली, नवी सगळ्यांपर्यंत पोचली नाही, हे गांधीजींच्या म्हणण्यातलं सत्य उरतंच. पण जुनी ओसरी सगळ्यांची नव्हती, हे फुल्यांच्या म्हणण्यातलं सत्यही उरतं. जुन्या झाडाचं कौतुक करताना सावलीत कुणाला बसू देत नव्हते हे विसरलो, तर आपण इतिहास सांगत नाही, स्वतःची समजूत काढतो.

फुल्यांची सक्तीची मागणी कमिशननं उचलली नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्ती केली. गोखल्यांचं १९११चं विधेयक वरिष्ठ कौन्सिलात पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती आणली. आणि सगळ्या देशासाठी शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला तो २०१० साली. १८८२ ते २०१०. मोजून पाहा.

शेवटी एक काम सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या गावात शंभर-दीडशे वर्षं जुनी मराठी शाळा आहे. तिच्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. जुनं असेल तर मोडीत असेल. हल्ली लोक ही रजिस्टरं जातीच्या नोंदीसाठी शोधतात. एक नाव सापडलं की त्या पानाचा फोटो काढतात आणि रजिस्टर पुन्हा कपाटात जातं. पुढच्या वेळी संपूर्ण पान पाहा. पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली? महारवाड्यातलं, मांगवाड्यातलं पहिलं नाव कोणत्या साली आलं? ते मूल कितव्या इयत्तेपर्यंत टिकलं, आणि शाळा सोडल्याच्या रकान्यात कारण काय लिहिलंय? मन्रोच्या कलेक्टरांनी जिल्हे मोजले, अॅडमनं ठाणं मोजलं. आपल्याला एक गाव मोजायचं आहे. मोडी येत नसेल तर गावात ती वाचणारं एखादं म्हातारं माणूस अजून असेल. त्यांच्या शेजारी बसून वाचा, आणि सापडेल ते लिहून ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.